पचमढीच्या घळी : पाण्याचे काम आणि खडकाचा स्वभाव

नागपूर आणि पचमढी यांचे नाते जुने आहे. नागपूर मध्यप्रांताची राजधानी असताना उन्हाळा सुरू झाला की येथील सरकार आपले दप्तर घेऊन सातपुड्यावरील त्या पठारावर मुक्कामास जात असे. आणि त्याही पूर्वीपासून आजतागायत महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाची चढण चढणारे व नागपंचमीच्या सुमारास भर पावसात नागद्वारच्या घळींतून वाट काढणारे यात्रेकरू मोठ्या संख्येने आपल्या विदर्भाचेच असतात. परंतु ज्याला त्या घळींची घडण पाहावयाची आहे, त्याने उन्हाळा व पावसाळा हे दोन्ही हंगाम सोडून, सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया या मार्गाने चार समानधर्मी मित्रांसह डिसेंबर-जानेवारीतच तेथे जावे, असे मी आग्रहाने सांगेन. कारण तेव्हा ओढ्यांचा जोर ओसरलेला असतो, धुके विरलेले असते आणि तिरप्या उन्हात खडकाचा प्रत्येक थर स्पष्ट दिसतो.

अशा उभ्या भिंतींच्या दरीत उतरताना सोबत्यांपैकी कोणास तरी अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या ‘ग्रँड कॅन्यन’ची आठवण होतेच, आणि त्याबरोबर, असली दरी म्हणजे वाळवंटाची करणी, ही समजूतही प्रकट होते. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. सुमारे ४४६ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी दीड किलोमीटरहूनही अधिक खोल असलेली ती दरी शुष्क मुलखात आहे खरी. परंतु ती कोरली आहे दूरच्या रॉकी पर्वतावरील बर्फाचे पाणी वाहून आणणाऱ्या नदीने. शुष्कतेचे काम तेथे रक्षणाचे आहे. पाऊस थोडा म्हणून उतार फारसे धुपत नाहीत, मातीचे आवरण तयार होत नाही, आणि नदीने पाडलेला छेद दीर्घकाळ धारदार राहतो.

मग ज्या पचमढीवर वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेथे हांडीखोह या दरीच्या जवळपास १०० मीटर खोल भिंती इतक्या सरळ कशा राहिल्या? या प्रश्नाचे उत्तर हवामानात नाही, खडकात आहे. पचमढीचा वालुकाश्म सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, भारत जेव्हा दक्षिण गोलार्धातील गोंडवन महाखंडाचा भाग होता तेव्हा, वाळूच्या बेटांमधून अनेक पदरांनी वाहणाऱ्या नद्यांनी थरावर थर रचून निर्माण केला. भिंतीजवळ उभे राहिले की जाड थरांच्या आत तिरप्या रेघांचे जुडगे दिसतात. प्रवाहासोबत पुढे सरकणाऱ्या वाळूच्या उंचवट्यांचे ते उतार होत, आणि ज्या दिशेला ते कललेले असतात त्या दिशेला ती नदी वाहत होती, असा लेखी दाखल्याइतका विश्वसनीय निष्कर्ष त्यांवरून काढता येतो.

या जाड खडकास पुढे भूकवचातील ताणांमुळे उभ्या भेगा पडल्या. पावसाचे पाणी त्यांत शिरले, कणांना जोडणारे द्रव्य सैल झाले, ओढ्यांनी त्याच रेषा धरल्या. आणि पायथ्याचा मऊ थर झिजून वरचा भाग निराधार झाला की तो भेगेच्या रेषेतच सरळ तुटून पडतो, म्हणून कडा मागे हटला तरी उभाच राहतो. जटाशंकराच्या अरुंद फटीत मध्येच अडकलेल्या प्रचंड शिळा हा याच क्रियेचा पुरावा आहे. नागपूरकरांना या खडकाचे आप्त घराजवळही भेटतात : कामठी व सिलेवाडा येथील वालुकाश्म याच गोंडवन कुळातील, किंचित अधिक वयाचा. १८४५ मध्ये नागपुरास आलेले धर्मोपदेशक स्टीफन हिस्लॉप यांनी त्यातील वनस्पतींचे जीवाश्म जमविले आणि रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूर परिसराच्या भूविज्ञानावर लिहिलेला त्यांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आपण रोज पाहतो, त्यांचे हे कार्य आपल्या शाळांतून आवर्जून शिकविले जावे, असे मला मनापासून वाटते.

घळीच्या तळाशी हिवाळ्यातही पाणी वाहत असते. वालुकाश्म सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्याचे पाणी तो पोटात साठवितो आणि जेथे खाली अभेद्य मृत्तिकेचा थर लागतो तेथे ते महिनोन्महिने पाझरू देतो. भिंती उंच, ऊन मोजक्या वेळचे, वारा अडलेला. त्यामुळे वरच्या पठारावर गवत पिवळे पडले तरी तळाशी ओलावा टिकतो आणि वृक्षाकार नेचे सुखाने वाढतात. खऱ्या अर्थाने मुळेही नाहीत आणि पानेही नाहीत अशी सायलोटम ही आदिम बांधणीची वनस्पतीही येथेच भेटते, आणि तिच्यासाठी वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या पचमढीची वाट धरीत आले आहेत. अशी नाजूक वस्ती केवळ त्या पाझरावर जगते. तेथून नेच्याचे रोप उपटून आणणाऱ्या सोबत्यास मी तत्काळ थांबवीन.

पचमढीच्या घळी अशा पाण्यावर जगतात, म्हणून वाळवंटातील अरुंद घळींना पाण्याचे भय नसते, असे मात्र कोणी समजू नये. १९९७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील अ‍ॅरिझोना प्रांतात अँटेलोप घळीत दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा अकस्मात घुसून ११ जण मृत्युमुखी पडले.

पचमढीजवळच प्राचीन अवर्षणाच्या खुणा ज्यांना पाहावयाच्या आहेत त्यांनी पठार उतरून पिपरियाच्या वाटेवर मटकुलीजवळ देनवा नदीचे काठ पाहावेत. पचमढीच्या वालुकाश्मावर विसावलेले तेथील लाल मृत्तिकेचे थर सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीचे असून त्यांत आढळणारे चुनखडीचे गोटे, पाऊस ठराविक ऋतूतच पडून एरवी जमीन तापत राहणाऱ्या अर्धशुष्क प्रदेशातील मातीतच तयार होतात. त्या मुलखात नद्या होत्या, फुफ्फुसमासे होते, मोठाले उभयचर होते. आणि डोळ्यांवर दोन शिंगे धारण करणारा, ३ ते ४ मीटर लांबीचा, वनस्पतींवर जगणारा एक सरीसृप कळपाने वावरत असावा, कारण त्याच्या किमान ७ जणांची हाडे एकाच जागी सापडली. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यासह २०१७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्यास ‘शृंगासॉरस इंडिकस’ असे नाव दिले. ही शिंगे शत्रूपासून रक्षणासाठी नव्हे, तर आपसांतील झुंजींसाठी व मादीला आकृष्ट करण्यासाठी विकसित झाली असावीत, असा त्यांचा कयास आहे. सापडलेल्या प्रौढ कवट्यांपैकी एक शिंगविरहित आहे, आणि ती बहुधा मादीची असावी.