ओल्या वाळूचा कोरडा हिशोब

प्लॉट घेतलाय? अभिनंदन! आता एक गुगली. गुंठा आणि क्रिकेटची पिच यांचं नातं काय, माहीत आहे का?

गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, म्हणजेच 33 बाय 33. पिच 66 फुटांची. दोन चौकोनी गुंठे एकमेकांना चिकटून ठेवा, स्टंप टू स्टंप पिच तयार! यामागे आहे एक साखळी. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने 1620 मध्ये जमीन मोजायला 66 फुटांची साखळी काढली. एकर म्हणजे अशा दहा चौरस साखळ्या, आणि एकराचा चाळिसावा भाग तो आपला गुंठा. आता कुंपण घालताना फील्डिंग नीट लावा.

पिच झाली, मॅच सुरू. हीरो कोण? सिमेंट? स्टील? छे हो. पाणी!

वाळूपासूनच बघा. वाळू घेतो आपण ब्रासवर; एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. पण ओलसर वाळू फुगते, माहीत आहे का? जेमतेम 5 टक्के ओल असली तरी ती 20 ते 30 टक्के जास्त जागा अडवते, बारीक वाळू तर त्याहूनही जास्त. कणांभोवती पाण्याचा पातळ पडदा बसतो आणि ते एकमेकांपासून फटकून राहतात. म्हणजे ट्रक भरलेला दिसतो, वाळू मात्र कमी!

याहून मोठी गंमत पुढे आहे. तीच वाळू पाण्यात पूर्ण बुडवा, ती परत कोरड्या वाळूइतकीच होते. म्हणूनच टेस्ट फुकटात होते. एका सरळ उभ्या काचेच्या बरणीत ओलसर वाळू सैल भरा, रेघ मारा, पाणी ओतून ढवळा आणि वाळू किती खाली बसते ते बघा. जेवढी बसली, तेवढी हवा तुम्ही विकत घेत होता.

बरणी हातात आहेच, तर दुसरी टेस्टही उरका. थोडी वाळू, पाणी, चिमूटभर मीठ. गदागदा हलवा आणि तीनेक तास विसरून जा. वर गाळाचा थर बसेल. तो वाळूच्या 8 टक्क्यांहून जाड निघाला, तर ट्रकवाल्याला नमस्कार.

आता सिमेंट. सिमेंट ‘वाळतं’ असं तुम्हालाही वाटतं ना? ते वाळत नाही, ते पाणी पिऊन घट्ट होतं. ही रासायनिक क्रिया आहे, आणि ती पाण्याखालीसुद्धा मजेत चालते. शिवाय तिच्यात उष्णता बाहेर पडते, म्हणजे काँक्रीटला चक्क ताप येतो. अमेरिकेतलं हूव्हर धरण 1930 च्या दशकात बांधलं, तेव्हा इंजिनिअरांनी हिशोब मांडला : सगळं काँक्रीट एकदम ओतलं, तर थंड व्हायला सुमारे 125 वर्षं! शेवटी ठोकळ्याठोकळ्यांनी ओतलं आणि आत पाइप घालून गार पाणी खेळवलं.

तुमच्या स्लॅबला एवढे लाड नकोत, पाणी मात्र हवं. साध्या ओपीसी सिमेंटला किमान 7 दिवस, पीपीसीला किमान 10 दिवस क्युरिंग. आपलं कोणतं, ते पोत्यावर छापलेलं असतं, वाचा. स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवलं की काम सोपं. (आळी हं, अळी नव्हे!) कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळा. सकाळी एकदा पाइप फिरवून चहाला जाणं याला क्युरिंग म्हणत नाहीत.

पोत्यावरचा 53 हा आकडा कसला, माहीत आहे का? 28 दिवसांनी त्या सिमेंटची दाब सोसायची ताकद, दर चौरस मिलिमीटरला न्यूटनमध्ये. 43 चा अर्थही तोच. ही शाळेची टक्केवारी नाही, त्यामुळे 53 वाला 43 वाल्यापेक्षा हुशार ठरत नाही. उलट क्युरिंगला टंगळमंगळ झाली, तर तापट 53 आधी तडकतो.

आणि आता व्हिलनची एंट्री. व्हिलनही पाणीच!

स्लॅबच्या दिवशी दुपारी हा डायलॉग येणारच : ‘साहेब, माल घट्ट होतोय, थोडं पाणी सोडू का?’ नको! 50 किलोच्या पोत्याला 25 लिटरच्या आसपास पाणी पुरतं, आणि त्यात वाळूतली ओलही धरायची. जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या ठेवतं. पाणी ओतून सैल केलेला माल पसरायला सोपा, पण त्याच पोकळ्यांतून पुढे तुमचा स्लॅब गळतो. माल दाबून घट्ट बसवायला व्हायब्रेटर आहे, तो चालू ठेवा. काँक्रीटमध्ये 5 टक्के पोकळी राहिली, तर ताकद 30 टक्क्यांपर्यंत घसरू शकते. या भोकाभोकांच्या काँक्रीटला साइटवर म्हणतात ‘हनीकोंब’. मध शून्य.

लोखंड आणि काँक्रीटचं लग्न कुणी जमवलं, माहीत आहे का? फुलझाडांच्या कुंड्यांनी! जोसेफ मोनिए हा फ्रेंच माळी. कुंड्या फुटू नयेत म्हणून त्याने सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घातली आणि 1867 मध्ये पेटंट घेतलं. हे लग्न टिकलं, कारण उन्हातान्हात दोघं जवळजवळ सारखेच फुगतात आणि आकसतात. पत्रिका जुळली!

घटस्फोट मात्र गंजामुळे होतो. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि आतून काँक्रीट फोडतो. म्हणून सळईखाली कव्हर ब्लॉक. स्लॅबला 20 मिमी, कॉलमला 40. माल ओतण्याआधी वाकून बघा. सळई सेंटरिंगवर टेकलेली दिसली, तर काम थांबवा. या एका बाबतीत अजिबात भिडस्त राहू नका.

शुद्ध शाकाहारी घरात चिकन? हो, भिंतीत! वीट आणि काँक्रीट यांचं मात्र पटत नाही, दोघं वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. म्हणून जिथे विटांची भिंत कॉलम-बीमला भेटते, तिथे प्लास्टरला सरळ रेषेत चीर जाते. प्लास्टरआधी त्या सांध्यावर ‘चिकन मेश’ ठोकून घ्या. कोंबडीची जाळी, बिनकोंबडीची.

पुढचा स्टॉप : पुणे, 1730. शनिवारवाड्याचं काम 10 जानेवारीला सुरू, वास्तुशांत 22 जानेवारी 1732 ला. सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणींतला, चुना जेजुरीचा. खर्च 16,110 रुपये! आज एवढ्यात मॉड्युलर किचनचं एखादं कपाट येईल, तेही बिजागऱ्या सोडून.

मॉड्युलर किचनवरून आठवलं. त्याची आजी आहे फ्रँकफर्टची, जन्म 1926. ऑस्ट्रियन आर्किटेक्ट मार्गारेट शुटे-लिहोत्स्की यांनी रेल्वेच्या डायनिंग कारमधलं चिंचोळं स्वयंपाकघर बघून अवघ्या 1.9 बाय 3.4 मीटरमध्ये ओटा, सिंक, खण सगळं बसवलं. अशी सुमारे 10,000 किचन्स बसवली गेली. आणि स्वतः बाईंना? त्यांनीच सांगून टाकलं, तोवर त्यांनी कधी स्वयंपाक केलाच नव्हता!

जिन्याचं गणित तर 17 व्या शतकातलं. फ्रेंच आर्किटेक्ट ब्लाँडेलचं सूत्र : पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पायरीची रुंदी, बेरीज 24 इंचांच्या आसपास. 7 इंच उंची, 10 इंच रुंदी, झालं. घोळ होतो तो फरशीमुळे. खालच्या आणि वरच्या मजल्याच्या फरशीची जाडी आधी धरली नाही, तर पहिली आणि शेवटची पायरी बाकीच्यांशी जुळत नाही, आणि पाहुणे नेमके तिथेच अडखळतात.

1,000 चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला 700 मिमी पाऊस म्हणजे किती पाणी? साधारण 65,000 लिटर! एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. टँकरवाल्याला सांगू नका.

गेस्ट बाथरूममधून वास येतो? प्लंबर नंतर, आधी तांब्याभर पाणी. न्हाणी ट्रॅपमध्ये साचलेलं पाणीच गटाराचा वास अडवतं. बाथरूम बरेच दिवस वापरली नाही की ते उडून जातं. कमोडचा वळणदार ट्रॅप 1775 मध्ये पेटंट करणारे अलेक्झांडर कमिंग धंद्याने होते घड्याळजी. टायमिंग बघा!

आणि टाइल्स बसवण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, शेजारी टेप धरून. पाइप कुठून गेलेत ते नंतर गवंड्यालाही आठवत नाही. आरशासाठी ड्रिल लावलं आणि भिंतीतून कारंजं उडालं, तर सेल्फी तेवढी छान येईल.