वासरांचे संगोपन

वासरांचे संगोपन म्हणजे गाय किंवा म्हैस व्याल्यापासून तिचे पिल्लू दुधावाचून चारा व खुराकावर जगू लागेपर्यंत, आणि पुढे वयात येईपर्यंत, त्याची घेतली जाणारी काळजी होय. गाईच्या पिलास वासरू, तर म्हशीच्या पिलास पारडू, रेडकू असे म्हणतात. वाढत्या मादी वासरास कालवड आणि नरास गोऱ्हा किंवा खोंड म्हणतात. संस्कृतातील ‘वत्स’ या शब्दाशी ‘वासरू’ हा शब्द संबंधित असून ‘वात्सल्य’ हा शब्दही त्याच मुळापासून आला आहे.

घरगुती दुग्धव्यवसायात दूध हे रोजच्या उत्पन्नाचे साधन असते आणि वासराचा पहिला आहारही तेच असते. त्यामुळे वासरास किती दूध द्यावे आणि ते केव्हा तोडावे, हा या व्यवसायातील मूळ प्रश्न आहे.

जन्मानंतरची काळजी

वासरू जन्मताच त्याच्या नाकातोंडातील चिकट स्राव पुसून काढतात. गाय वासरू चाटते. त्यामुळे ते कोरडे होते आणि त्याचे रक्ताभिसरण सुधारते. गाय चाटत नसल्यास कोरड्या गोणपाटाने अंग चोळावे लागते. नाळ पोटापासून सुमारे ५ सेंटिमीटर अंतरावर स्वच्छ दोऱ्याने बांधून, त्याखाली निर्जंतुक पात्याने कापून टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवितात. ही दक्षता न घेतल्यास नाभी पिकते, रोगजंतू रक्तात शिरतात आणि सांधे सुजतात.

चीक आणि खरवस

व्याल्यानंतर प्रथम येणाऱ्या दाट, पिवळसर दुधास चीक म्हणतात. गाई-म्हशींच्या वारेतून मातेची रोगप्रतिकारक प्रथिने गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून नवजात वासरू जवळजवळ प्रतिकारशक्तीविना जन्मते आणि ती त्यास चिकातूनच मिळते. ही प्रथिने अखंड शोषून घेण्याची आतड्यांची क्षमता दर तासाला घटत जाते आणि सुमारे २४ तासांत संपते. वार पडण्याची वाट पाहून चीक पाजण्यास उशीर करण्याची प्रथा याच कारणाने घातक ठरते. पहिला चीक जन्मानंतर दोन तासांच्या आत पाजावा. वजनाच्या सुमारे एक-दशांश इतका चीक पहिल्या १२ तासांत विभागून द्यावा, म्हणजे २५ किलो वजनाच्या वासरास सुमारे अडीच लिटर.

महाराष्ट्रात चिकाचा खरवस करून शेजारीपाजारी वाटण्याची पद्धत आहे. चीक तापविल्यावर थिजतो तो त्यातील प्रथिनांच्या विपुलतेमुळे, आणि वासराचे रक्षण करणारी प्रथिनेही त्यांतच असतात. तापविल्याने ती निकामी होतात. म्हणून वासरास उकळलेला चीक देऊन उपयोग होत नाही. वासराचा वाटा आधी पाजून उरलेल्या किंवा पुढच्या धारांच्या चिकाचा खरवस केल्यास वासराचे नुकसान होत नाही.

दूध पाजण्याच्या पद्धती

देशी गाई व म्हशी बहुधा वासराने ढुसण्या दिल्याशिवाय पान्हा सोडत नाहीत. म्हणून वासरास क्षणभर लुचू देऊन मग गाईसमोर बांधतात, धार काढतात आणि शेवटी पुन्हा सोडतात. कित्येक घरी एक सड वासरासाठी राखतात. या पद्धतीत माया टिकते. परंतु वासराच्या पोटात नेमके किती दूध गेले हे कळत नाही. दुधाला मागणी असेल तेव्हा वासराचा वाटा नकळत कमी होत जातो. वासरू मेल्यास गाय आटते किंवा पान्हा चोरते, हा तोटा पूर्ण वेतभर सोसावा लागतो.

दुसऱ्या पद्धतीत वासरू जन्मतःच किंवा चीक पाजून झाल्यावर आईपासून वेगळे करतात आणि दूध मोजून बाटलीने किंवा भांड्यातून पाजतात. संकरित गाईंना ही पद्धत सहज मानवते, विशेषतः पहिल्या वेतापासून सवय लावल्यास. भांड्यातून पिण्यास शिकविताना दुधात बुडविलेली बोटे वासरास चोखू देतात. नळीने बळेच दूध ओतल्यास ते फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो. पहिल्या महिन्यात रोज वजनाच्या सुमारे एक-दशांश दूध, शरीराइतके कोमट करून, दोन किंवा तीन वेळा ठरलेल्या वेळी देतात. पुढे हे प्रमाण टप्प्याटप्प्याने घटवितात.

कोटीपोटाची वाढ आणि दूध तोडणे

नवजात वासराचे कोटीपोट लहान व अविकसित असते. चोखताना अन्ननलिकेच्या टोकाची खोबण मिटून दूध थेट चौथ्या कप्प्यात, म्हणजे खऱ्या जठरात, जाते. कोटीपोटाची वाढ दुधाने होत नाही. भरडलेले धान्य आंबून तयार होणाऱ्या आम्लांमुळे त्याचे आतील अस्तर वाढते आणि चाऱ्यामुळे त्याचा आकार व स्नायू वाढतात. यासाठी पहिल्या आठवड्यापासून स्वच्छ पाणी आणि दुसऱ्या आठवड्यापासून मक्याचा भरडा, शेंगदाणा पेंड, गव्हाचा कोंडा व खनिज मिश्रण यांचा खुराक, तसेच थोडा कोवळा चारा समोर ठेवतात. लहान वासरांच्या खुराकात युरिया वापरत नाहीत.

दूध केवळ वयावरून तोडणे योग्य नसते. वासरू सलग तीन दिवस पाऊण ते एक किलो खुराक खाऊ लागले, की कोटीपोट काम करू लागल्याचे समजतात. चांगल्या व्यवस्थापनात ही अवस्था साधारण ८ ते १२ आठवड्यांत येते. त्यानंतरही दूध एकदम बंद न करता आठ-दहा दिवसांत कमी करीत नेतात. त्याच दिवसांत गोठा बदलणे, शिंगे जाळणे किंवा लसीकरण करणे टाळतात.

रोग व प्रतिबंध

हगवण हे लहान वासरांच्या मृत्यूचे प्रमुख कारण आहे. त्यात बहुधा शरीरातील पाणी व क्षार कमी झाल्याने वासरू दगावते. डोळे खोल जाणे आणि चिमटीत धरलेली कातडी हळू पूर्ववत होणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी क्षार-साखरेचे पाणी वारंवार पाजतात आणि पशुवैद्यकास बोलावतात. दूध पूर्ण बंद केल्यास अशक्तपणा वाढतो. पारड्यांना आईच्या दुधातून मोठ्या गोल कृमींची बाधा होते; म्हणून पहिले जंतनाशक १० ते १४ दिवसांच्या वयातच देतात. लाळ्या-खुरकूत रोगाची लस चौथ्या महिन्यापासून देतात. सांसर्गिक गर्भपाताची लस केवळ मादी वासरांना ४ ते ८ महिन्यांच्या वयात एकदाच टोचतात.

आर्थिक व सामाजिक बाजू

कालवड माजावर येणे वयापेक्षा वजनावर अधिक अवलंबून असते. बालपणी उपासमार झालेली कालवड उशिरा गाभण राहते आणि तितके महिने दुधाविना पोसावी लागते. म्हणून वाचविलेल्या दुधाचा लाभ तात्पुरता ठरतो. ट्रॅक्टर व कृत्रिम रेतनाच्या प्रसारानंतर नर वासरांची गरज घटली. गोऱ्हे व बैल यांच्या कत्तलीवर महाराष्ट्रात २०१५ पासून बंदी आहे. परिणामी त्यांना पोसण्याचा भार पशुपालकावर पडतो आणि ती अनेकदा दुर्लक्षित राहतात. मादी वासरांचे प्रमाण वाढविणाऱ्या लिंगनिश्चित रेतमात्रा हा त्यावरील एक उपाय होय.

आश्विन वद्य द्वादशीस, वसुबारसेला, गाईची सवत्स पूजा करतात. त्या दिवशी अनेक घरांत दूध व दुधाचे पदार्थ खात नाहीत.