कुतूहल : गालात पू आहे की नुसती सूज?

दाढ ठणकते, गाल टम्म फुगतो. वसई-विरारमध्येही लवंग दाबून रात्र काढणारे कमी नाहीत. सकाळी डॉक्टरांना पडणारा प्रश्न: आत पू साचलाय का? बोटांनी चाचपून ते दर वेळी कळत नाही.

खाटेशेजारीच सोनोग्राफी करता येते. जेल लावून यंत्राचा हातात धरायचा प्रोब गालावर टेकवला, की कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी आत जातात आणि विहिरीत मारलेल्या हाकेसारख्या परततात. नुसत्या सुजेत चरबीच्या उजळ तुकड्यांमधून काळ्या रेषा दिसतात. पू बहुधा काळसर दिसतो. प्रोब हलकेच दाबला की त्यातले कण हलतात. असा साठा सहसा चिरा देऊनच काढावा लागतो, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही.

हाडामागचं मात्र दिसत नाही. तिथे सीटी स्कॅन लागतो.

जिभेखाली सूज, गिळता येईना, श्वास अडकतोय? जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये वर्णन केलेला हा जीवघेणा संसर्ग असू शकतो. तेव्हा थेट मोठं रुग्णालय गाठावं. तिथे आधी श्वासमार्ग सांभाळतात, चित्रं नंतर.