‘सगळं लीगल आहे’ म्हणजे नेमकं काय आहे?

शीळफाट्याला कल्याणहून येणारा रस्ता मुंब्रा-पनवेल रस्त्याला मिळतो. महापेला जायचं असो की तळोज्याला, माणूस इथे अडकतोच, आणि अडकला की त्याला वाचायला विजेचे खांब असतात. ‘वन बीएचके. लीगल पेपर. लोन उपलब्ध. रजिस्ट्रेशन होणार.’ चार ओळींतल्या तीन गोष्टी बऱ्याचदा खऱ्याही असतात. गोंधळ ‘लीगल’ या एका शब्दात आहे.

शेअर रिक्षात, लग्नाच्या पंगतीत, दिवा स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर, एकच वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते सुरू झालं की पुढचं मीच बोलतो : “अहो, रजिस्ट्रेशन झालंय की! सरकारने स्टॅम्प ड्युटी घेतली, फोटो काढले, अंगठे घेतले. मग बिल्डिंग बेकायदेशीर कशी?”

अशी. नोंदणी दस्ताची होते, इमारतीची नाही. १९०८ चा नोंदणी कायदा एवढंच सांगतो की अमुक प्रकारचे दस्त नोंदवलेच पाहिजेत. दुय्यम निबंधक बघतो ते हे : सही करणारी माणसं तीच आहेत ना, मुद्रांक पुरेसा आहे ना, मिळकतीचं वर्णन दिलंय ना. विकणारा खरा मालक आहे का, हे ठरवणं त्याचं काम नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये के. गोपी या तमिळनाडूतल्या प्रकरणात हे स्पष्टच सांगितलं. विकणाऱ्याने मालकीचा पुरावा दाखवला नाही म्हणून दस्त नाकारता येईल, असा त्या राज्याचा नियमच न्यायालयाने रद्द केला. मूळ कायदा निबंधकाला तसा अधिकार देत नाही, हे त्याचं कारण. ज्या खिडकीवर मालकीही तपासली जात नाही, तिथे सातव्या मजल्याची परवानगी कोण तपासणार?

लोक ‘इंडेक्स टू’ लॅमिनेट करून कपाटात ठेवतात. एकदा तो काढून वाचा. कुणी कुणाला दिलं, किती क्षेत्र, काय मोबदला, मुद्रांक किती, नोंदणी कधी. ‘ही इमारत बांधायला परवानगी होती’ अशी ओळ त्यात नसते. मुद्रांक शुल्क हा व्यवहारावरचा कर आहे. तो घेतल्याने सरकार तुमच्या स्लॅबची हमी देत नाही.

आता शब्दाकडे येतो, कारण फसवणूक तिथूनच सुरू होते. इंग्रजी ‘लीगल’ दोन वेगळी कामं करतो. एक, ‘कायद्याशी संबंधित’ : लीगल नोटीस, लीगल ॲडव्हायझर. दुसरं, ‘कायद्याला धरून असलेलं’. विकणारा ‘पेपर लीगल आहेत’ म्हणतो पहिल्या अर्थाने : वकिलाने केलेत, मुद्रांकावर आहेत. ऐकणारा ऐकतो दुसऱ्या अर्थाने, आणि कागदांबद्दल नाही, इमारतीबद्दल. दोघंही खोटं बोलत नसतात आणि वीस-पंचवीस लाख जातात.

माझा भाचा तुर्कस्तानात इझमीरला नोकरीला आहे. त्याच्यापुढे हे रडगाणं गायलो, तर तो म्हणाला, “मामा, इथे हे शब्दच वेगळे आहेत.” तुर्की भाषेत कायद्यासंबंधीचं ते ‘हुकुकी’. आपल्या ‘हक्क’ शब्दाचं अरबी अनेकवचन हुकूक, त्यावरून. कायद्याला धरून असलेलं ते ‘यासाल’ किंवा जुन्या वळणाचं ‘कानुनी’. ज्याला आपण सुलेमान द मॅग्निफिसंट म्हणून ओळखतो, तो तुर्कांचा ‘कानुनी सुलतान सुलेमान’. आणि लोकांच्या मनाला मान्य, रास्त, असं जे, ते ‘मेश्रू’. हा शब्द आपल्याकडेही आहे, फक्त कापडात! औरंगाबादी मशरू तो हाच. अंगाला लागते ती बाजू सुती, बाहेरून रेशीम. पुरुषाने अंगावर रेशीम ल्यायचं नाही हा इस्लामचा नियम पाळून रेशीम मिरवायची सोय, म्हणून नाव ‘परवानगी असलेलं’. इमारतीला मात्र तुर्क यांतलं काहीच लावत बसत नाहीत. परवान्याची असेल तर ‘रुह्सातली’, नसेल तर ‘काचाक’. काचाक म्हणजे पळपुटा, चोरटा. चोरट्या मालाला जो शब्द, तोच इमारतीला.

आपल्याकडे शब्द नाहीत असं नाही. ‘कायदेविषयक’ वेगळं, ‘कायदेशीर’ वेगळं, ‘अधिकृत’ आणखी वेगळं. आपण तिन्ही सोडले आणि ‘लीगल’ धरला. ‘कायदा’ या मूळ अरबी शब्दाचा एक अर्थ पाया असाही आहे, हे शीळमध्ये उभं राहून आठवलं की बरं वाटत नाही.

कारण ४ एप्रिल २०१३. संध्याकाळी इथल्याच लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली. सात मजले उभे होते, आठव्याचं काम चालू होतं, खालच्या मजल्यांवर माणसं राहायलाही आली होती. बांधायला घेऊन काही महिनेच झाले होते. परवानगी नव्हती. ७४ माणसं गेली, त्यांत लहान मुलंही. महापालिकेच्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली. त्यानंतर इथलं बांधकाम थांबलं असं कुणाला वाटत असेल तर जून २०२५ बघा : शीळमधल्याच १७ अनधिकृत इमारती पाडायचा आदेश उच्च न्यायालयाने दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला.

“ते झोपडपट्टीवाल्यांचं. आमच्याकडे रेराचा नंबर आहे,” असं डोंबिवलीतले सुशिक्षित लोक सांगतात. तुम्हाला ६५ इमारतींचं प्रकरण माहीत नाही का? कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट परवानग्या तयार झाल्या, त्या जोडून महारेराचे नोंदणी क्रमांक मिळाले, ते क्रमांक दाखवून घरं विकली गेली. दस्त नोंदले, बँकांनी कर्जं दिली. एका वास्तुविशारदाने माहिती काढली म्हणून हे बाहेर आलं. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायला सांगितल्या. घरं घेणाऱ्या त्या लोकांकडे आपण ज्याला ‘सगळं लीगल’ म्हणतो ते सगळं होतं. नव्हती ती फक्त मूळ परवानगी.

बाकीचे समज पटापट उरकतो.

घरपट्टी भरतो म्हणून अधिकृत? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६७ अ अवैध बांधकामावर दुप्पट शास्तीसुद्धा लावू देतं, आणि त्याच कलमात लिहिलंय की ही वसुली म्हणजे बांधकाम नियमित करणं नव्हे.

लाइट बिल? २००३ चा वीज कायदा मागणी करणाऱ्या मालकाला ‘किंवा भोगवटादाराला’ वीज द्यायला सांगतो. शीळ-मुंब्र्यात टोरंटचं असो की पलीकडे महावितरणचं, ते बिल एवढंच सिद्ध करतं की तुम्ही वीज वापरलीत.

बारा वर्षं झाली, आता कोण हात लावतो? बारा वर्षांची मुदत जमिनीच्या ताब्याच्या दाव्यासाठी आहे, बांधकाम परवानगीसाठी नाही. उशीर झाला म्हणून किंवा पैसा गुंतला म्हणून अवैध बांधकाम वैध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये मेरठच्या एका प्रकरणात पुन्हा बजावलं; बँकांनी पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पडताळूनच कर्ज द्यावं, हेही त्याच निकालात.

नोटरी केलंय? नोटरीने घर विकत मिळत नाही. शंभर रुपयांवरची स्थावर मिळकत विकायला नोंदणीकृत दस्तच लागतो. म्हणजे नोंदणी पुरेशी नसते, पण लागते.

‘सीसी आहे’ हे उत्तर आलं तर लगेच विचारा, कुठली? बांधकाम सुरू करायचं प्रारंभ प्रमाणपत्रही सीसी आणि काम संपल्याचा पूर्णत्वाचा दाखलाही सीसी. पहिली दाखवून दुसरी असल्याचा भास निर्माण करणं हा या भागातला जुना हातखंडा आहे.

आणि ‘शेवटी सरकार नियमित करतंच’ हा जो लाडका युक्तिवाद, त्याला उत्तर परत तुर्कस्तानातूनच. तिथे २०१८ मध्ये सरकारने बेकायदा बांधकामांना माफी दिली. मालकाने स्वतः माहिती भरायची, पैसे भरायचे, ‘इमारत नोंदणी प्रमाणपत्र’ घ्यायचं. चोरटी इमारत एका कागदावर यासाल झाली. त्याच कायद्यात एक वाक्य होतं : इमारत भूकंपात टिकेल की नाही, ही जबाबदारी मालकाची. ६ फेब्रुवारी २०२३ ला कहरामानमाराशला भूकंप झाला. एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांहून जास्त माणसं मेली आणि ती माफी हा तिथल्या रागाचा विषय झाला. ढिगाऱ्याखालची प्रत्येक इमारत माफीतली होती असं मी म्हणत नाही. पण कागद नियमित होतो, कॉलम होत नाही, एवढं कळायला इंजिनिअर लागत नाही.

मग करायचं काय? बिल्डरने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबायचं नाही. सर्व्हे नंबर आणि परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जायचं आणि हा कागद तुमचाच का, एवढं विचारायचं. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा आहे. मंजूर नकाशे आणि परवानग्या बघायला मिळणं हा रेरा कायद्याच्या कलम १९ नुसार खरेदीदाराचा हक्कच आहे.

परवा फाट्यावर थांबलो होतो, तेव्हा खांबावरच्या नंबरला सहज फोन लावला. पलीकडचा मुलगा मोठा नम्र होता. काका, लोन होईल, रजिस्ट्रेशन होईल, पार्किंगही बघू. मी म्हटलं, बाबा रे, ओसी आहे का? भोगवटा प्रमाणपत्र?

“ओसी येईल ना काका नंतर,” तो म्हणाला. “रजिस्ट्रेशन आजच करून देतो.”