पोचा

मिस्त्रींनी आधी परवाना मागितला, मग बंदूक. परवान्यातला क्रमांक नळीखालच्या क्रमांकाशी दोनदा ताडून पाहिला, वहीत नोंद केली आणि मगच दुनळी बिजागरीत वाकवून उघडली. काडतुसांची दोन्ही घरं रिकामी दिसत होती, तरी करंगळी घालून चाचपली. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक विकायला लागतो तसा ती दुरुस्त करायलाही परवाना लागतो. शहागंजच्या घड्याळापासून चालत जाण्याच्या अंतरावरची ही खोली त्यामुळे थोडी दुकान आणि थोडी कचेरी वाटते.

बंदूक आजोबांची, रानडुकरं हाकायला घेतलेली. परवाना आता माझ्या नावावर. एरवी ती कपाटात असते आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा. दिवाळीआधी रंगकामात कपाट सरकवताना ती घसरली आणि दगडी उंबऱ्यावर आपटली. उजव्या नळीला, तोंडापासून हातभर अलीकडे, हरभऱ्याएवढा पोचा पडला. एवढ्याने काय होतंय, असं घरात सगळ्यांचं मत.

मिस्त्रींनी नळ्या दस्त्यापासून सोडवल्या, आतून चिंधी फिरवली आणि खिडकीच्या उजेडाकडे रोखून माझ्या हातात दिल्या. "अंदर देखो." डाव्या नळीत उजेडाची कडी एकात एक, शेवटपर्यंत गोल. उजवीत मात्र एका जागी दोन-तीन कडी आत चेपलेली, बाजूला बोट लागलेल्या भाकरीसारखी. बाहेर हरभऱ्याएवढा वाटणारा पोचा आत चांगला पसरला होता.

नळीच्या व्यासाच्या शिशाच्या बारा गोळ्या एक पौंड भरतात, म्हणून ही बारा बोर. व्यास साधारण १८.५ मिलिमीटर. काडतुसाच्या घराशी दाब सगळ्यात जास्त, म्हणून तिथे भिंत तीन-चार मिलिमीटर जाड. पुढे ती पातळ होत जाते आणि पोचा होता तिथे एक मिलिमीटरही उरत नाही. दौलताबादची मेंढा तोफ उंबऱ्यावर पडली असती तर उंबराच फुटला असता; ही नळी जाडीने तांब्या-कळशीच्या जातीची. छऱ्यांचा लोट दर बाराला त्याच उंचवट्यावर आदळला, की तिथलं पातळ पोलाद झिजतं, ताणतं आणि एखाद्या दिवशी दगा देतं.

तापवून काढता येणार नाही का, मी विचारलं. मिस्त्रींनी दोन नळ्यांमधली पट्टी दाखवली. ती कथील-शिशाच्या डाखाने बसवलेली असते. दोनशे अंशांच्या आसपासच डाख सुटतो आणि पोचा निघण्याआधी बंदूकच उकलते.

मग त्यांनी डब्यातून पोलादाची गुल्ली काढली. ती दोन फाकांची, मध्ये पाचर. तेल लावून ती काडतुसाच्या बाजूने आत सरकवली, कारण तोंडाशी छर्रे एकवट राहावेत म्हणून नळी आवळलेली असते. गुल्ली पोच्याखाली आली तशी लांब सळईने पाचरीचा आटा पाव फेरा फिरवला. फाका उघडून आतून टेकल्या. वरून पितळी हातोडी, तिचं तोंड नळीच्या गोलाईला बसेल असं खोलगट घासलेलं. पहिले ठोके पोच्याच्या कडेला, गोल फिरत, दाराची कडी वाजवावी इतके हलके. मग गुल्ली सैल करून बाहेर, चिंधी, खिडकी, एक डोळा बंद. पुन्हा गुल्ली आत, पुन्हा पाव फेरा. माझी चुळबुळ पाहून म्हणाले, "जोर नक्को. उसकूच आने दो."

दीड तासाने कडी गोल झाली. फक्त एका कड्यात केसाएवढी थरथर राहिली आणि मिस्त्रींनी गुल्ली पुसून डब्यात ठेवली.

"तेवढंही काढा की."

त्यांनी मान हलवली. आणखी पाव फेरा दिला तर पोलाद बाहेर फुगेल. चेपलेलं वर येतं, पण ताणलेलं सहसा मागे जात नाही. आतून घासून गुळगुळीत करावं, तर आधीच पातळ भिंत आणखी पातळ होणार. आमच्या नळीखाली बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे शिक्के आहेत. १८१३ च्या कायद्याने उभी राहिलेली ती संस्था नेहमीपेक्षा जोरकस बार उडवून नळी पारखते. नंतर कुणी आतून घासून व्यास मर्यादेबाहेर वाढवला, तर त्या शिक्क्याला अर्थ उरत नाही.

शेवटी नळ्या तारेला टांगून त्यांनी बोटाच्या पेराने टिचकी दिली. लांबलेला, स्वच्छ नाद. डाख कुठे सुटला असता तर तो खरखरला असता.

घरी वडिलांनी नळीवरून अंगठा फिरवला. काही लागलं नाही. मी ती खिडकीकडे धरून त्यांना ते एक कडं दाखवलं.

"राहिलंय की रे थोडं."

"ठेवलंय," मी म्हणालो.