रात्र मोजणारी शेवंती

शेवंतीच्या पॉलिहाउसमध्ये ऐन मध्यरात्री दिवे लागलेले असतात. दहाला लागतात, दोनला विझतात. उजेड अगदी मंद, साधारण १०० लक्सचा. एवढ्या उजेडावर झाडाचं पोट भरत नाही आणि तो त्यासाठी लावलेलाही नसतो. तो लावतात झाडाला फुलण्यापासून थोपवून धरायला. रोप लहान असतानाच कळी धरली तर दांडा आखूड राहतो आणि आखूड दांड्याच्या फुलाला बाजार मिळत नाही. म्हणून पहिले काही आठवडे रात्रीच्या मधोमध दिवे लावायचे, दांडा पुरेसा वाढला की ते बंद करायचे. मग कळ्या धरतात. नवल असं की दिवे संध्याकाळी लावून दिवस लांबवण्यापेक्षा रात्र मधोमध तोडणं जास्त परिणामकारक ठरतं. शेवंती दिवस मोजतच नाही, ती रात्र मोजते.

हे माणसाला कळायला बराच काळ गेला. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ, आज पेंटागॉन आहे त्या परिसरात, अर्लिंग्टनचं सरकारी शेत होतं. तिथे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांना ‘मेरीलँड मॅमथ’ नावाच्या तंबाखूने कोड्यात टाकलं होतं. उन्हाळाभर तो माणसाच्या डोक्यावर उंच वाढायचा, पण फुलायचा नाही. हिवाळ्यात काचघरातली छोटी रोपं मात्र फुलायची. ‘बिलॉक्सी’ या सोयाबीनचं कोडं तर त्याहून विलक्षण. काही आठवड्यांच्या अंतराने पेरलेली रोपं सगळी एकाच सुमाराला फुलायची, जणू त्यांनी तारीख ठरवून घेतली होती. आपल्याकडे सोयाबीन उशिरा पेरलं की झाड खुजं राहतं, त्याचं एक मोठं कारण हेच आहे: दिवस आखडताच ते फुलायची घाई करतं. १९१८ च्या जुलैमध्ये या दोघांनी एक छोटीशी अंधारी खोली बांधली. दुपारी चारला कुंड्या आत जायच्या, सकाळी नऊला बाहेर यायच्या. भर उन्हाळ्यात तंबाखू फुलला. १९२० मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले आणि तापमान, खत, पाणी यांच्या पलीकडचं एक नवं कारण वनस्पतिशास्त्रात आलं.

तरी तेव्हा समज असा होता की झाड दिवसाची लांबी बघतं. तो १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी मोडून काढला. त्यांनी घेतलेलं झाड म्हणजे कपड्यांना काटेरी बोंडं चिकटवणारं, पडीक जमिनीत माजणारं एक तण. आपल्याकडे त्याला शंकेश्वर म्हणतात. साडेआठ तासांहून लांब रात्र एकदाच मिळाली तरी या झाडाला पुरते, ते फुलतं. पण त्या रात्रीच्या मधोमध एक मिनिटभर दिवा लावला की सगळं रद्द! उलट दिवसाच्या मधोमध थोडा वेळ अंधार केला, तर काहीच बिघडत नाही. एवढ्या मोठ्या झाडाचा फुलण्याचा निर्णय एका मिनिटाच्या उजेडावर फिरतो, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

त्या एका मिनिटाची नोंद कोण घेतं? पानातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य. ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश पडला की ते जागं होतं. ७३० च्या आसपासचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा गडद लाल प्रकाश पडला की पुन्हा निजतं. अंधारातही ते हळूहळू निजतं. १९५२ मध्ये मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथे बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या बियांवर हे दोन रंग आलटून पालटून टाकले. कितीही वेळा टाका, बी रुजणार की नाही हे फक्त शेवटचा रंग ठरवायचा.

फायटोक्रोम उजेड आहे की नाही एवढंच सांगतं. किती वाजले हे झाडाचं आतलं घड्याळ सांगतं. १७२९ मध्ये फ्रान्समध्ये द मेराँ यांनी लाजाळूसारखं एक झाड बंद अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं आपापल्या वेळी उघडत-मिटत राहिली. ऊन नाही, वारा नाही, आणि तरीही वेळ पाळणं चालूच! पुढे १९३० च्या दशकात मिखाईल चायलाख्यान यांनी रशियात शेवंतीवरच प्रयोग केले. नुसत्या पानांना लांब रात्र दिली आणि शेंडा उजेडात ठेवला, तरी शेंड्याला कळी आली. म्हणजे रात्र पान मोजतं आणि निरोप शेंड्याला धाडतं. तो निरोप नेणारं प्रथिन हाती लागायला २००७ साल उजाडलं.

इतकं काटेकोर घड्याळ ज्याच्या पेशीपेशीत आहे, त्या झाडासमोर आपण भिंतीवरचा टायमर लावतो. पॉलिहाउसऐवजी बंद खोलीत झाडं वाढवली तर तिथे सूर्यही नसतो, सकाळ आणि रात्र तो टायमरच ठरवतो. म्हणून त्याच्या चुकांकडे निव्वळ विजेची कटकट म्हणून बघू नये. त्या रात्रीच्या चुका असतात.

गोल तबकडीचा, पिना दाबायचा टायमर घ्या. त्यातली मोटर विजेच्या ५० हर्ट्झच्या ठोक्यावर फिरते. वीज असेपर्यंत तो झकास चालतो. २०१८ मध्ये सर्बिया आणि कोसोवो यांच्यातल्या वादात युरोपच्या ग्रीडमध्ये वीज कमी पडली, वारंवारता सरासरी ४९.९९६ वर आली, आणि जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत अशा मोटरवर चालणारी घड्याळं जवळजवळ सहा मिनिटं मागे पडली. तेवढ्याने शेवंतीचं काही अडत नाही. आपल्याकडे अडतं ते लाइट गेल्यावर. वीज गेली की तबकडी थांबते, आणि आली की थांबली तिथूनच पुढे चालते. रोज एक तास लाइट गेली तर सहा दिवसांत टायमर सहा तास मागे. मग दहा ते दोनचे दिवे पहाटे चार ते आठ लागणार. संध्याकाळी सहाला अंधार पडला असेल, तर चारपर्यंत सलग दहा तासांची रात्र झाली. शेवंतीला कळी धरायला साधारण साडेनऊ तासांची सलग रात्र पुरते. अशा काही रात्री लागोपाठ मिळाल्या की वीतभर रोपाला कळ्या. खताला आणि बियाण्याला दोष देण्याआधी तबकडीवरची वेळ बघावी.

डिजिटल टायमरमध्ये वेळ सांभाळायला आत छोटी बॅटरी असते. काही वर्षांत ती दम सोडते, पण पडद्यावर आकडे दिसत असल्यामुळे कुणाला संशय येत नाही. पुढच्या खेपेला वीज गेली की घड्याळ शून्यावर.

याहून वाईट बिघाड म्हणजे आतला स्विच चिकटणं. एलईडीचे ड्रायव्हर चालू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतात. त्या क्षणी स्विचच्या टोकांमध्ये ठिणगी पडते, धातू वितळतो, आणि एक दिवस टोकं जोडलीच जातात. टायमरवर १६ अँपिअर लिहिलेलं असतं ते सहसा हीटरसारख्या साध्या लोडसाठी. दिव्यांना ते लागू धरू नये. टायमर ‘बंद’ दाखवतो, दिवे रात्रभर जळतात, आणि शेवंती लांब रात्रीची वाट बघत नुसती पानं काढत राहते. म्हणून दिव्यांचा भार टायमरवर टाकूच नये. टायमरने फक्त काँटॅक्टर चालवावा आणि दिव्यांचा करंट काँटॅक्टरने पेलावा. हे काम इलेक्ट्रिशियनकडून, एमसीबी लावूनच करून घ्यावं.

माझ्या मते त्याहीआधी एक गोष्ट ठरवायला हवी: चूक कोणत्या बाजूला झालेली परवडेल? अंधार मोडला तर नुकसान होणार असेल, तर दोन टायमर एकापाठोपाठ एक, सिरीजमध्ये जोडावेत. एक चिकटला तरी दुसरा दिवे बंद करतो. दिवे न लागण्याने नुकसान होणार असेल, तर दोन टायमर समांतर. लेट्यूस आणि पालक यांचा स्वभाव शेवंतीच्या उलट आहे, दिवस लांबला की ते तुरा काढतात; त्यांच्या खोलीत हा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

आणि तपासणी मात्र रात्रीच करा. दिवसा दिवे लागलेले बघून काहीच कळत नाही. टायमर डिजिटल असेल तर त्याची बॅटरीही तपासा: आज त्याचा प्लग काढून ठेवा, उद्या सकाळी परत लावा आणि पडद्यावरची वेळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघा. वेळ चुकलेली दिसली तर कळ्या धरायची वाट न बघता तो टायमर बदला.