मधुमेह्याचा तोल

पहाटे न्हाणीघरांत तोंड धुतांना डोळ्यांना पाणी लावावें आणि त्याच क्षणीं शरीर पुढें कलंडून भिंतीचा आधार घ्यावा लागावा, हा अनुभव पुष्कळ वर्षें मधुमेह असलेल्या माणसास नवा नसतो. तो कोणास सांगत नाहीं. सांगितलाच तर घरांत 'वय झालें' एवढें उत्तर मिळतें. आणि वय झालेलें असतेंच, त्यामुळें तें खोटेंही वाटत नाहीं. परंतु डोळे मिटतांच तोल जाण्याचें कारण बहुधा तळपायांत सांपडतें.

मनुष्य उभा राहतो तो तीन साक्षीदारांच्या भरंवशावर: डोळे, कानाच्या आंतल्या भागांतील तोलाचें इंद्रिय, आणि तळपाय व घोटे यांतून मेंदूकडे सतत जाणारी वर्दी. पाऊल कोठें टेकलें, जमीन सपाट आहे कीं उतरती, भार टांचेवर आहे कीं चवड्यावर, ही वर्दी इतकी निमूटपणें चालू असते कीं ती क्षीण झाली तरी ध्यानांत येत नाहीं. डोळे तें काम आपल्या अंगावर घेतात. म्हणून असा मनुष्य दिवसाउजेडीं ठीक चालतो, आणि वीज गेली किंवा डोळ्यांत साबण गेला कीं डगमगतो. बर्लिनचे वैद्य मॉरिट्झ रॉम्बर्ग यांनीं एकोणिसाव्या शतकांत मज्जारज्जूच्या एका रोगांत हीच गोष्ट टिपली होती. पाय जुळवून उभ्या असलेल्या रोग्यास डोळे मिटावयास सांगितलें कीं तो डुलूं लागतो. ती परीक्षा आजही त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

मधुमेहांत ही वर्दी बंद कां पडते? पायाच्या बोटांकडे जाणारे मज्जातंतु शरीरांतील सर्वांत लांब. त्यांच्या पेशी कण्याजवळ, आणि तेथून अंगठ्यापर्यंत सुमारें एक मीटर लांबीच्या तंतूचें पोषण करावयाचें. रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली म्हणजे या तंतूंना आणि त्यांना रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांना इजा होते. सर्वांत लांबचें टोंक प्रथम पडतें. दोन्ही पायांचीं बोटें आधीं बधिर होतात, मग मोजा चढावा तसा बधिरपणा वर सरकतो. तो गुडघ्याजवळ येतो त्या सुमारास हातांच्या बोटांनाही मुंग्या येऊं लागतात. चरकसंहितेंत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत हातापायांचा दाह आणि बधिरपणा हीं दोन्ही सांगितलेलीं आहेत, हें येथें आठवतें. दाह होणारा रोगी एका अर्थीं सुदैवी म्हणावयाचा. रात्रीं झोंप लागत नाहीं म्हणून तो डॉक्टरांकडे तरी जातो. ज्याचे पाय नुसतेच मुके होतात त्याची कांहींच तक्रार नसते. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांपैकीं निम्म्यांच्या आसपास लोकांना हा विकार जडतो आणि त्यांतील पुष्कळांना त्याचा पत्ताही नसतो.

पुढें पावलाचे स्नायूही दुबळे होतात. चवडा पुरेसा उचलला जात नाहीं आणि उंबरठ्यास किंवा सतरंजीच्या कडेस अडतो. यांत आणखी कारणांची भर पडते. बिछान्यावरून एकदम उठल्यावर रक्तदाब उतरून भोंवळ येते. दृष्टिपटल बिघडलें असेल तर डोळ्यांचा आधारही लंगडा. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्या कांहींच्या शरीरांत बी-१२ जीवनसत्त्व कमी पडून मज्जातंतूंची हानि वाढते. ही मात्र रक्त तपासून भरून काढतां येते. इन्शुलिननें किंवा कांहीं गोळ्यांनीं साखर ७० च्या खालीं गेली तर हातपाय कांपतात, मति गोंधळते. म्हाताऱ्या माणसाची साखर खालीं आणण्याच्या हौसेनें त्यास जमिनीवर पाडण्यांत शहाणपण नाहीं. आणि पडल्यावर हाड मोडण्याचा धोकाही अधिक. उतारवयांतील मधुमेहांत हाडांची घनता तपासणींत चांगली दिसली तरी तीं अधिक सहज मोडतात.

पायांची पारख घरच्या घरीं करतां येते. इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनीं २०११ सालीं मांडलेली रीत अगदीं सोपी आहे. रोग्यानें डोळे मिटून पडावें. घरांतील कोणी दोन्ही पायांचा अंगठा, मधलें बोट आणि करंगळी यांच्या टोकांस आपल्या बोटानें एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा, दाबूं नये. स्पर्श कळला कीं रोग्यानें 'डावा' किंवा 'उजवा' म्हणावें. सहांपैकीं दोन किंवा अधिक ठिकाणीं कळलें नाहीं तर डॉक्टरांस पाय दाखवावे.

मेलेले तंतु सहसा परत येत नाहींत. साखर आधींपासून ताब्यांत ठेवण्याचा उपयोग मोठा: अमेरिका व कॅनडांत झालेल्या आणि १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, जन्मभर इन्शुलिन घ्यावें लागणाऱ्या रोग्यांत काटेकोर उपचारानें हा विकार सुमारें ६० टक्क्यांनीं घटला. उतारवयांतील मधुमेहांत लाभ त्यामानानें कमी. तोल मात्र सुधारतां येतो. ओट्यास हात लावून टांचा उचलणें, हात न टेकतां खुर्चीवरून उठणें, एका रेषेंत पावलें टाकणें, असे व्यायाम कोणी जवळ असतां नित्य करावे. रात्रीं न्हाणीघराच्या वाटेवर लहान दिवा जळत ठेवावा. घरांत अनवाणी वावरण्याची आपली रीत येथें बाजूस ठेवून, घरापुरतें वेगळें, टांचेमागें पट्टा असलेलें पादत्राण वापरावें. निसटत्या सपाता नकोत. काठीची लाज तर मुळींच नको. तळपायास जमीन कळेनाशी झाली तरी काठीच्या टोकावाटे ती तळहातास कळते, आणि नुसत्या हलक्या स्पर्शानेंही शरीराचें डुलणें कमी होतें.

वर्षांतून एकदां डॉक्टरांकडून पावलांची परीक्षा व्हावी हें सर्वमान्य आहे. १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा आणि कंपन देणारा चिमटा, एवढ्या साहित्यानें ती पांच मिनिटांत होते. त्यासाठीं रोग्यानें मोजे काढावे लागतात. आणि रक्ताचा अहवाल वाचण्यांत वेळ संपला कीं नेमकें तेवढेंच राहून जातें. तेव्हां मोजे त्यानें आपण होऊन काढावे, आणि मागल्या महिन्यांत न्हाणीघरांत तोल गेला होता हेंही सांगावें.